अँडीजमध्ये चार सह्याद्रीकर: कुस्को, चोकेकिराव, माचू पिचू (लांबलचक आहे, प्रश्न विचारा)

आडवाट

नमस्कार मंडळी,

लिहीन लिहीन म्हणता आठ महिने गेले. गेल्या जून-जुलैत आम्ही चौघं पेरूला एकोणीस दिवस सॅका पाठीवर टाकून फिरून आलो. मी, बाळ्या, सरपंच आणि माई. टोपणनावंच लिहितोय. चौघंही कॉलेजपासून एकत्र गड चढतोय, सरपंच आता न्यूजर्सीला असतो, तो परस्पर लिमाला येऊन भेटला. इंकांचं (स्पॅनिश येण्याआधी तिथं राज्य करणाऱ्यांचं) वेड खरं तर एकट्या बाळ्याला, बाकीच्या तिघांचं म्हणणं एवढंच की एकदा तरी अँडीजमध्ये तंबू ठोकायचा.

आधी फसलं ते सांगतो, जाणाऱ्यांना त्याचाच उपयोग जास्त. लिमा समुद्रकाठी आणि कुस्को ३४०० मीटरवर, विमान जेमतेम सव्वा-दीड तासात नेऊन सोडतं. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक रचा आणि वर विमानतळ बांधा. आम्ही उतरलो त्याच दुपारी साक्सायवामान या इंकांच्या दगडी गडावर चढून गेलो (गावाच्या डोक्यावरच आहे, ३७०० मीटर), दुसऱ्या दिवशी गावात हिंडलो आणि तिसऱ्या दिवशी साल्कांताय ट्रेकचा पहिला मुक्काम सोरायपाम्पाला, ३९०० मीटर. एवढी घाई का तर रजा. दोन दिवस वाचवले, प्लॅन माझाच. त्या रात्री माईचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या, तंबूतून बाहेर आली तर पाय भलतीकडेच पडतायत. आम्ही लगेच निर्णय घेतला, गाडी मिळवली आणि मोलेपाता गावात खाली आलो. हजारेक मीटर उतरल्यावर सकाळी ती चहा मागायला लागली. साल्कांतायची ४६०० मीटरची खिंड राहिली ती राहिलीच.

पुढे कुराहुआसी नावाच्या गावात डॉक्टरला दाखवलं आणि तीन दिवस तिथंच पडून राहिलो. २७०० मीटरच्या आसपास, सगळीकडे अनीसची शेती, वाऱ्याबरोबर बडीशेपेसारखा वास, रिकामं बसायला गाव छान. तिथे बाळ्याने नकाशा उघडला, म्हणाला उंचीच नडतेय ना, मग चोकेकिरावला जाऊ, तो गड ३०५० मीटरवरच आहे.

तर चोकेकिराव. इंकांच्या केचुआ भाषेत सोन्याचा पाळणा. गाडीने काचोरा गावावरून कापुलियोकच्या कड्यापर्यंत जायचं, तिथून आपुरिमाक नदीपर्यंत १४०० मीटर उतरायचं, पूल ओलांडायचा आणि समोरच्या भिंतीवर तितकंच चढायचं, आणि येताना हेच उलटं, कारण दुसरी सोपी वाट नाही. बारीतून कळसूबाई चढतो त्याच्या दीडपटीहून जास्त, तेही उन्हात, सावली औषधालासुद्धा नाही, आणि खाली नदीपाशी बारीक चावऱ्या माश्या ज्यांचे डाग मी पुण्यात येऊन आठवडाभर खाजवत होतो. पण ही चाल आपल्या ओळखीची. घाटवाट उतरा, नदी ओलांडा, समोरचा घाट चढा. माईच्या सॅकसाठी खेचर केलं होतं, शेवटच्या चढाला चौघांच्याही सॅका त्याच्यावर गेल्या हे सरपंच इथे कबूल करणार नाही म्हणून मीच सांगून टाकतो.

मारांपाता ही वरची वस्ती, चारदोन घरं, अंगणात तंबू टाकू देतात, रात्री बटाट्याचं सूप. दुसऱ्या दिवशी तासदीड तासाच्या चालीवर गड. अख्ख्या गडावर आम्ही चौघं, दोन फ्रेंच बायका आणि गवत कापणारे तीन कामगार. एवढंच. एका टेकडीचा माथाच कापून सपाट केलाय, त्यावर उभं राहिलं की तिन्ही बाजूंना दरी आणि खाली खोल कुठेतरी आपुरिमाकचा आवाज. पण खरी गंमत दुसऱ्या अंगाला आहे, गडावरून बरंच खाली उतरावं लागतं (म्हणजे परत चढावंही लागतं). तिथे शेतीचे बांध घातलेत एकाखाली एक, आणि त्या काळपट दगडाच्या भिंतींमध्ये पांढरे दगड बसवून लामा काढलेत. वीसेक असतील, पिल्लांसकट, सगळे चढणीला लागलेले. आपल्या वारली चित्रातल्या जनावरांसारखे चार रेघांत उभे. २००४ साली झाडी काढताना सापडले, तोवर माहीतच नव्हते. मी तिथे किती वेळ बसलो ते मला सांगता येणार नाही, बाळ्या म्हणतो पाऊण तास. गडाचा बराच मोठा भाग अजून जंगलाखालीच आहे, बांधाच्या भिंती झाडीत शिरताना दिसतात आणि मग दिसेनाशा होतात.

माचू पिचूची आधी काढलेली तिकिटं या सगळ्या गोंधळात बुडाली. मग कुस्कोहून सांता तेरेसामार्गे हिद्रोएलेक्ट्रिका, तिथून रेल्वेरुळांच्या कडेने दहा-अकरा किलोमीटर चालत माचू पिचूच्या पायथ्याचं गाव आग्वास कालिएन्तेस, आणि तिथे सकाळी रांग. रोज हजार तिकिटं तिथल्या खिडकीवर विकतात, आधी नंबर घ्यायचा, मग वेळ दिली की परत यायचं. आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारचं मिळालं, सर्किट दोनचं (आत फिरायचे मार्ग ठरवून दिलेले असतात, त्यातला एक), १५२ सोल (पेरूचं चलन) प्रत्येकी. पहाटेचं धुकं वगैरे काही नाही, टळटळीत ऊन.

आणि खरं सांगू, पहिली पाच मिनिटं मला काहीच वाटलं नाही. तोच फोटो, हजारदा पाहिलेला. मग माई म्हणाली, पाणी कुठंय रे? आपली सवयच ती, गडावर गेलो की आधी टाकी शोधायची. तिथून पुढचे तीन तास आम्ही पाण्यामागे फिरलो. डोंगराच्या अंगचा झरा, तिथून पाऊण किलोमीटरचा दगडी पाट आणि मग गावात एकाखाली एक सोळा कुंड्या, पहिली राजाच्या वाड्याला खेटून, म्हणजे चोख पाणी आधी त्याला. धार अशी पडते की घागर बरोबर खाली धरता यावी. आणि बांध म्हणजे नुसते बांध नाहीत, वर माती, खाली वाळू-खडी, त्याखाली मोठे दगड, पाऊस मुरतो आणि निचरा होतो. तिथल्या पाण्याचा अभ्यास केलेल्या इंजिनियरांचा अंदाज आहे की बांधकामातले निम्म्याहून जास्त कष्ट जमिनीखाली आहेत, दिसतच नाहीत. एवढ्या पावसाच्या जागी पाचशे वर्षं डोंगर खाली आला नाही तो त्यामुळे.

हे कळलं आणि मग तो फोटो विसरलो.

बाकी विचारा, सांगतो.

शुभ्रा_के

मस्त लिहिलंयस! वारली लामा, हाय. आम्ही तिघी मैत्रिणी पुढच्या वर्षी जायचं म्हणतोय. व्हिसाचं काय? आणि इंका ट्रेल का नाही केलात? आणि स्पॅनिश येत नसेल तर अडतं का?

आडवाट

@शुभ्रा, आमच्याकडे अमेरिकेचे व्हिसा होते त्यामुळे पेरूचा वेगळा लागला नाही. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन व्हिसा असेल आणि तो निदान सहा महिने चालणारा असेल तर भारतीय पासपोर्टला ही सवलत आहे, २०१७ पासून. तरी तिकीट काढायच्या आधी वकिलातीच्या साइटवर बघून घे, आणि विमान कुठून बदलतंय तेही बघ, अमेरिकेतून जाणार असशील तर तिथला व्हिसा लागतोच.

इंका ट्रेल म्हणजे माचू पिचूला जाणारी इंकांची जुनी पायवाट, तिला दिवसाला पाचशेच माणसं सोडतात आणि त्यात गाइड आणि हमालही धरलेले, म्हणजे प्रवासी दोनशेच्या आसपासच. परवानाधारक एजन्सीशिवाय जाता येत नाही, जून-जुलैचं बुकिंग कित्येक महिने आधी संपतं. फेब्रुवारीत बंद असतो, डागडुजीला. आम्ही जागे झालो मार्चमध्ये. साल्कांताय आणि चोकेकिरावला असला कोटा नाही.

स्पॅनिश थोडी शिकून जाच. कुस्कोत इंग्रजी चालतं, काचोरात नाही. आकडे, खाणं आणि 'किती लांब' एवढं तरी. 'किती लांब' याला उत्तर मात्र आपल्याकडच्यासारखंच मिळतं, हे काय इथंच, आणि मग दोन तास चाला.

कोल्हापुरी_काका

ते सगळं ठीक आहे पण खाल्लंत काय? माई शाकाहारी आहेत का? आमच्या सौंना घेऊन जायचं म्हणजे पहिला प्रश्न तोच असणार. ते गिनीपिग खातात म्हणे तिथं.

आडवाट

काका, खातात, कुई म्हणतात, कुस्कोच्या चर्चमधल्या 'शेवटचं जेवण' या जुन्या चित्रात येशूच्या पुढ्यात ताटात तेच ठेवलंय! बाळ्याने खाल्लं, म्हणाला हाडंच फार. माई शाकाहारी. 'सिन कार्ने' म्हणजे मटण-बीफ नको एवढाच अर्थ लोक घेतात आणि प्रेमाने चिकन आणून ठेवतात, त्यामुळे चिकन नको, मासे नको, हॅम नको असं एकेक नाव घेऊन सांगायचं. किन्वाचं सूप, बटाट्यावर चीजचा पिवळा रस्सा (पापा आ ला वांकाईना), आणि मक्याचं कणीस चीजबरोबर. त्या कणसाचा एकेक दाणा पावट्याएवढा. गावोगाव चिफा म्हणजे तिथली चायनीज हॉटेलं आहेत, तिथे भाजी घातलेला भात मिळतोच.

खादाड_नं१

अवांतर पण राहवत नाही. बटाटा तिकडचाच. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. साबुदाणा ज्याचा करतात तो कंद दक्षिण अमेरिकेतला. रताळं अमेरिकेतलं, मिरची अमेरिकेतली. म्हणजे आपलं एकादशीचं अख्खं ताट परदेशी, आणि त्या दिवशी चालत नाहीत ते गहू-तांदूळ!! 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांबरोबर आला, तिकडे तो मुळात रताळ्याचा.

कोल्हापुरी_काका

मग भगर तेवढी आपली राहिली म्हणायची 😀 राजगिरा तरी आपला असेल ना?

माई_पुणे३०

काका, राजगिराही नाही. मीच ती माई. कुस्कोच्या सान पेद्रो मंडईत गेले तर समोर राजगिऱ्याची चिक्की. हुबेहूब! तिथे त्याला किविचा म्हणतात, लाह्या करून मधात किंवा गुळासारख्या पाकात थापतात. बाईला खुणेने सांगायचा प्रयत्न केला की आमच्याकडे देवाच्या उपासाला हेच खातात, तिला काही कळलं नाही पण एक वडी जास्त घातली. ट्रेकभर माझं तेच चाललं होतं. आणि अजून एक, चुन्यो. बटाटे हिवाळ्यात रात्री दंवात टाकतात, गोठतात, दिवसा उन्हात सुटले की पायांनी तुडवून पाणी काढतात, असं बरेच दिवस. मग ते काळपट खडे होतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. आपलं वाळवणच की. इंकांच्या कोठारांत हे भरलेलं असायचं. चव? तोंडात भिजलेला खडू. पण थंडीत सूपमध्ये बरा लागतो.

बाकी आडवाटने जे 'लगेच निर्णय घेतला' लिहिलंय त्यावर मी सावकाश लिहिते, आत्ता ऑफिसात आहे.

आडवाट

😬

गूढगर्भ

लेख छान पण एका मुद्द्याला कोणीच हात घालत नाहीये. साक्सायवामानचे दगड शंभर टनांच्या वर, सांध्यात ब्लेड जात नाही. लोखंड नव्हतं, चाक वापरात नव्हतं, घोडे-बैल नव्हते. मग हे माणसाने केलं असं छातीठोक कसं म्हणता? दगड मऊ करायचं काही तंत्र असणार किंवा आधीची प्रगत संस्कृती असणार. डोळे उघडे ठेवून विचार करा एवढंच.

सरपंच_एनजे

खास याच्यासाठी लॉगिन केलं. (आणि सॅक मी पूर्ण वेळ स्वतः वाहिली आहे, आडवाटचा बाजार उठवायचा आहे.)

@गूढगर्भ, मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, मलाही तिथे तोंडात बोट घालावं लागलं, त्यात काही वाद नाही. पण ओयांतायताम्बोला (कुस्कोजवळच्या खोऱ्यातलं इंकांचं गाव आणि गड) उभे राहा आणि नदीपलीकडे बघा. समोरच्या डोंगरावर काचिकाता नावाची खाण आहे, तिथून दगड खाली नदीत, नदी ओलांडून समोरच्या चढावर आणलेत. आणि वाटेत अर्धवट आणलेले दगड अजून पडलेत! स्थानिक लोक त्यांना थकलेले दगड म्हणतात. परग्रहवासी असते तर ते असे निम्म्या वाटेत टाकून गेले असते का. बर्कलीचे ज्याँ-पिएर प्रोत्झेन म्हणून आर्किटेक्चरचे प्राध्यापक होते, त्यांनी खाणीत सापडतात तसले नदीतले कठीण गोटे घेऊन दगड ठोकून बघितला, तासाभरातच पृष्ठभाग तासता येतो. मधल्या भागावर मोठे खड्डे, कडेला बारीक, म्हणजे कडेला छोटा गोटा वापरलाय, हे इंकांच्या दगडांवर नुसत्या डोळ्यांनी दिसतं. वेळ लागतो. माणसं लागतात. दोन्ही त्यांच्याकडे होती.

आणि आपल्याकडे सिन्नरच्या गोंदेश्वराला चुना कुठे आहे? हेमाडपंती सगळंच कोरडं बांधकाम. तिथे कोणी एलियन आणत नाही. हां, वेरूळच्या कैलासाला आणतात, यूट्यूबची कृपा.

मला स्वतःला दगडाच्या वजनापेक्षा भिंतीचा कल जास्त आवडला. भिंती आत झुकलेल्या, दारं-खिडक्या वर अरुंद खाली रुंद. १९५० च्या भूकंपात कुस्कोतल्या सांतो दोमिंगोच्या मठाची पडझड झाली, त्याच्याखालच्या कोरिकांचाच्या, म्हणजे सूर्यमंदिराच्या, इंका भिंती जागच्या हलल्या नाहीत, उलट मधलं बांधकाम पडल्यामुळे जास्त दिसायला लागल्या. स्पॅनिशांनी मंदिर पाडून त्याच्याच जोत्यावर मठ चढवला होता.

इतिहासवेडा

सरपंचांशी सहमत, फक्त 'माणसं होती' यात थोडी भर. मिता नावाची पद्धत होती. प्रत्येक घराने राज्याला कराऐवजी काही काळ श्रम द्यायचे, त्या बदल्यात राज्य खायला-प्यायला घालायचं, मक्याची दारू म्हणजे चिचा सकट. वेठच, पण पोटाला घालून. पुढे स्पॅनिशांनी हीच पद्धत उचलून पोतोसीच्या चांदीच्या खाणीत माणसं मरेस्तोवर राबवली.

आणि एक दुरुस्ती सगळीकडेच करावी लागते, 'हरवलेलं शहर' वगैरे. हायरम बिंगहॅम हा अमेरिकन संशोधक २४ जुलै १९११ ला माचू पिचूवर पोचला तेव्हा तिथे शेतकरी कुटुंबं राहत होती, बांधांवर शेती चालू होती, आणि त्याला वर घेऊन गेला तो मेल्चोर आर्तेआगा नावाचा खालचाच शेतकरी. त्याच्याही आधी, १९०२ मध्ये, कुस्कोकडचा आगुस्तिन लिझारागा तिथे भिंतीवर आपलं नाव लिहून गेला होता. बिंगहॅमला वाटलं हीच इंकांची शेवटची राजधानी विल्काबांबा. ती नव्हती. खरी विल्काबांबा एस्पिरितू पाम्पाला जंगलात, आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी तो तिथेही जाऊन आला होता पण ओळखली नाही! त्याने अमेरिकेतल्या येल विद्यापीठाला नेलेल्या वस्तू परत यायला शंभर वर्षं लागली, २०११-१२ मध्ये आल्या.

चोकेकिरावच्या मागच्या डोंगररांगांतच ते विल्काबांबाचं राज्य. १५३२ ला काहामार्कात स्पॅनिशांनी इंका सम्राट आतावाल्पाला पकडलं, खोलीभर सोनं घेतलं आणि तरीही मारलं, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण त्यानंतर मान्को इंकाने १५३६ ला उठाव करून कुस्कोला वेढा घातला, ओयांतायताम्बोला स्पॅनिशांना मागे रेटलं, आणि मग डोंगरात शिरून राज्य चालवलं. ते १५७२ पर्यंत टिकलं, शेवटचा तुपाक अमारू, त्याला कुस्कोच्या चौकात मारलं. पस्तीसेक वर्षं डोंगराच्या आधाराने. आपल्या लोकांना हे समजायला कठीण जाऊ नये.

बाळ्या_नकाशेवाला

इतिहासवेडा, अगदी. त्या सपाट माथ्यावर मी यांना हेच सांगत होतो तेव्हा तिघंही चिक्की खात होते.

एक गोष्ट आडवाटने सोडली. इंतिवाताना, माचू पिचूवरचा तो कोरीव उभा दगड. २००० साली जाहिरातीच्या शूटिंगमध्ये क्रेन त्याच्यावर पडली आणि कोपऱ्याचा टवका उडाला. स्पॅनिशांच्या हाती तो कधी लागला नाही, पाचशे वर्षं शाबूत राहिला आणि मग बिअरची जाहिरात. आपल्याकडे गडावर 'बंटी लव्ह पिंकी' लिहिणाऱ्यांना शिव्या घालताना हेही आठवावं.

आणि जाणाऱ्यांनी जमलं तर केस्वाचाका बघा, कुस्कोच्या दक्षिणेला काही तासांवर. आपुरिमाकवरचा गवताचा झुलता पूल. चार गावं मिळून दरवर्षी जूनमध्ये जुना तोडून नवा विणतात, गवत वळून दोर, दोर वळून मोठे दोर, हाताच्या मनगटापेक्षा जाड. इंकांच्या काळापासून चालत आलंय. सापुतारा वगैरेला रोपवेसाठी रांग लावणाऱ्या माणसाला हे बघून जरा वेगळं वाटतं. चोकेकिरावलाही रोपवे करायचं बरीच वर्षं घाटतंय म्हणे, व्हायच्या आत जाऊन या.

डॉक्टर_निवृत्त

धागा सुंदर, पण वैद्यकीय भाग वाचून पाठीतून थंड कळ गेली. पाय भलतीकडे पडणं हे साधं उंची लागणं नव्हे, मेंदूला सूज यायला लागल्याची खूण असू शकते. एका रेषेत टाचेला बोट लावून चालायला सांगायचं, जमलं नाही तर त्याच क्षणी खाली. सकाळ होऊ द्यायची नाही. तसंच बसल्या जागी धाप आणि खोकला असेल तर फुफ्फुसात पाणी, तिथेही खालीच. औषधं आणि ऑक्सिजन खाली नेण्याच्या बरोबरीने, त्याऐवजी नाही.

३००० मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीनचार दिवसांनी एक दिवस जागीच राहावं, हा साधा नियम. विमानाने थेट कुस्को म्हणजे पहिल्याच रात्री नियम मोडला. त्यापेक्षा विमानतळावरून तडक पवित्र खोऱ्यात (कुस्कोजवळचं, त्याहून कमी उंचीचं नदीखोरं) उतरावं. ओयांतायताम्बो २८०० मीटर आहे. दोनतीन रात्री तिथे काढून मग कुस्को. डायमॉक्सबद्दल (उंची लागू नये म्हणून घ्यायची गोळी) आपल्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा, बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं, घाबरू नका. आणि तरुण, ट्रेकर, तंदुरुस्त आहोत म्हणून लागणार नाही असं काही नसतं. उलट तेच जोरात चढतात.

शुभ्रा_के

बापरे डॉक्टर, लिहून ठेवते. कोकाच्या पानांचा उपयोग होतो का? तिथे सगळे चहा पितात असं वाचलंय.

डॉक्टर_निवृत्त

तरतरी येते, डोकं जरा हलकं वाटतं, पण त्याने उंची लागायची थांबत नाही. पानं भारतात मात्र आणू नका, इथे गुन्हा आहे. टी-बॅगसुद्धा नको.

माई_पुणे३०

आता सावकाश.

डॉक्टर, सकाळ होऊ दिली नाही पण जवळजवळ दिलीच. 'लगेच' म्हणजे साडेबारा ते साडेचार. चार तास. मला उलटी झाल्यावर आडवाट म्हणाला पाणी पी, झोप लागेल. सरपंच म्हणाला उजाडेपर्यंत थांबू, अंधारात कुठे जायचं. बाळ्या झोपला होता, त्याला माफ. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले मी ठीक आहे. कारण डोकं मला साक्सायवामानपासूनच दुखत होतं, तीन दिवस, आणि मी सांगितलं नव्हतं. चौघांची रजा, चौघांचे पैसे, आणि ग्रुपमध्ये एकटी बाई, तिच्यामुळे ट्रेक बुडाला असं व्हायला नको. वीस वर्षांच्या मैत्रीतही हे डोक्यात येतं, काय करणार.

खेचरवाला मामा होता, साठीचा असेल, त्याच्याशी आमचं दिवसभरात चार शब्दांपलीकडे बोलणं नव्हतं. तो पहाटे जनावरांना बघायला उठला, मी तंबूबाहेर दोन्ही हात जमिनीला लावून बसले होते. टॉर्च माझ्या तोंडावर मारला, मग हाताला धरून उभं केलं आणि चार पावलं चालवलं. आणि या तिघांकडे बघून एकच शब्द म्हणाला, 'आबाखो'. खाली. कोणी काही बोलायच्या आत तो वस्तीवर जाऊन कुणाला तरी उठवून गाडी घेऊन आला होता. पैसे द्यायला गेलो तर गाडीचे घेतले, त्याचे पुढच्या चार दिवसांचे ठरले होते ते काही केल्या घेईना, सरपंचाने खेचराच्या खोगिरात कोंबले.

त्याचा फोटो नाही आमच्याकडे. एकोणीसशे फोटो काढलेत चौघांनी मिळून.

आडवाट

मान्य. सगळं मान्य. मी 'लगेच' लिहिलं तेव्हा मला खरंच तसंच आठवत होतं, हे वाचून रात्री सरपंचाला फोन केला तर तोही म्हणाला चार तास नसतील. मग त्याने फोनमधले मेसेज बघितले. साडेबाराला मी बाळ्याला 'माईला बरं नाहीये' असा मेसेज टाकलाय. शेजारच्या तंबूत. नेटवर्क नसताना. उठवायचं सोडून.

वरचा मजकूर बदलत नाही, तसाच राहू दे.

कोल्हापुरी_काका

माईसाहेब, दंडवत. आणि त्या मामांनाही.

शुभ्रा_के

माई 🙏 आमच्या तिघींच्या ग्रुपवर तुझी पोस्ट आत्ता टाकली, एकीने लगेच लिहिलं की तिला गेल्या वर्षी लेहलाही त्रास झाला होता आणि ती बोलली नव्हती.

एक शेवटचं, सॅक किती लिटरची घेऊ?

आडवाट

चोकेकिरावला खेचर करणार असशील तर पाठीवर ३० पुरे, नाहीतर ५०. माचू पिचूत मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत, ४० बाय ३५ बाय २० सेंटीमीटरच्या वरची बाहेर ठेवावी लागते. आत संडास नाही आणि एकदा बाहेर पडलं की परत आत सोडत नाहीत, तेवढं आधीच उरकून घ्या.

बाळ्या_नकाशेवाला

धाग्यातच विचारतो, ग्रुपवर कोणी उत्तर देत नाही. पुढच्या जूनला आउसांगाते, पेरूतलाच डोंगर? पाच-सहा दिवस, पण खिंडी ५००० मीटरच्या वर आहेत.

सरपंच_एनजे

मी आहे. सॅक स्वतः वाहीन.

माई_पुणे३०

मी पण. प्लॅन मात्र मी करणार. पहिल्या चार रात्री ओयांतायताम्बो, कोणाची रजा बसत नसेल त्याने आत्ताच सांगा.